मधली रेघ

एका आडव्या रेघेनं आसावरीच्या वडिलांना तिचा नवरा करून टाकलं, आणि ही गोष्ट तिला उइटहॉर्न या डच गावातल्या आल्बर्ट हाइन सुपरमार्केटमध्ये, पैसे द्यायच्या रांगेत उभी असताना कळली. जमिनीवर दीड-दीड मीटरवर चिकटवलेल्या गोल खुणांपैकी एकीवर ती उभी होती, मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरत होती, आणि युट्रेख्टच्या संगीत-प्रकाशकांकडून आलेली मेल तिनं नुसती उघडून पाहिली. छापायला निघालेल्या पुस्तकाच्या पहिल्या पानाचा नमुना होता. तीन पियानो-रचना, आणि खाली नाव: ओगले-टिपणीस. इथवर ठीकच होतं, असंच लिहा म्हणून तिनंच कळवलं होतं. पण मेलची सुरुवात 'प्रिय मेफ्राउ ओगले-टिपणीस', म्हणजे श्रीमती, अशी होती, आणि पुढे मारेइके नावाच्या संपादिकाबाईंनी मोठ्या अदबीनं विचारलं होतं, की आपलं पहिलं नाव पूर्ण छापायचं की नुसतं अक्षर? इथल्या बायका लग्नानंतर नवऱ्याचं आडनाव आधी लावतात, मग आडवी रेघ, मग माहेरचं. त्या हिशेबानं आसावरी ठरली माहेरची टिपणीस, आणि ओगले तिचे यजमान. ती मास्कच्या आत फिस्सकन हसली. पुढच्या खुणेवरच्या म्हाताऱ्या बाईंनी वळून पाहिलं. त्या दिवसांत दुकानात तोंडातून कसलाही आवाज काढणं म्हणजे संशयाला जागा. हे बाबांना सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं, आणि ते मनात येऊन जाईपर्यंत ती हसतच होती. पुढे पट्ट्यावरची कोथिंबीर, दही, ब्रेड हे सगळं तिनं सायकलच्या पिशवीत कसं भरलं ते तिला घरी पोचेपर्यंत आठवलं नाही. बाबा एप्रिलमध्ये गेले होते. आता नोव्हेंबर चालू होता.

घरी वर अंबरीशची मीटिंग चालू होती. त्याचा ऑफिसातला इंग्रजी आवाज जिन्यावरून खाली येत होता. आसावरीनं दही फ्रिजमध्ये ठेवलं, कोथिंबीर तशीच ओट्यावर टाकली आणि पियानोच्या स्टुलावर कोट न काढताच बसली. नाव काय एकदाच गेलंय का आपलं, असं तिला वाटलं. सांगलीला शाळेच्या दाखल्यावर ती आसावरी दामोदर ओगले होती. लग्नानंतर पुण्यात आसावरी अंबरीश टिपणीस झाली, तेव्हा नावाच्या मधल्या खोलीतून बाबांनी आपलं सामान उचललं आणि तिथं अंबरीश राहायला आला. कुणाला काही वाटलं नाही, तिलाही नाही. इथं आल्यावर गेमेंतेच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, कचेरीतल्या माणसानं अंबरीश हे तिचंच दुसरं नाव समजून नोंदवून टाकलं. त्यावर बाबा फोनवर किती हसले होते! "म्हणजे तू आता बाईही आणि बुवाही," ते म्हणाले होते. तर त्या बाबांना इतक्या वर्षांनी आपल्या नावाशेजारी परत आणून बसवावं, आणि तेही मानानं, आधी त्यांचं आणि मागून आपलं, म्हणून तिनं ही रेघ निवडली होती. आता मारेइकेला एक ओळ लिहिली की काम भागणार होतं: ओगले हे वेगळे गृहस्थ, मूळ रचनाकार, माझे वडील. उद्या सकाळपर्यंत कळवा, मग पुस्तक छपाईला जाईल, असं मेलमध्ये होतं. खाली आणखी एक शंका विचारली होती, ती आसावरीनं वाचून न वाचल्यासारखी केली.

बाबा पेटी वाजवायचे. वीज मंडळात नोकरी, संध्याकाळी घरी पेटीचा क्लास, आणि रात्री-अपरात्री कुठं गाणं असेल तर साथीला. साथ म्हणजे गाणारा जाईल तिकडं त्याच्या मागून जायचं. तो चुकला तर आपण चुकलो असं दाखवायचं आणि तो रंगला तर आपण दिसायचं नाही. कार्यक्रमपत्रिकेत नाव असलंच तर तळाशी, तबल्याच्याही खाली. सुरुवातीला आसावरीला त्यांनीच शिकवलं, पुण्याला कॉलेजात गेल्यावर ती पियानोकडं वळली, तेव्हा बाबा म्हणाले होते, "काही बिघडत नाही. पेटीत मींड निघत नाही आणि पियानोतही निघत नाही. आपण दोघं एकाच आळीतले." क्लास सुटून मुलं गेली, की दिवा लावायच्या आत ते एकटेच काहीतरी वाजवत बसत. तीन चाली होत्या, त्याच त्या. आत अभ्यासाला बसलेल्या आसावरीच्या कानावर त्या पडत. एक चाल तर मधेच थांबायची. सूर नुसता चालू राहायचा, चाल थांबलेली असायची, आणि मग पुन्हा पाऊल उचलल्यासारखी पुढं निघायची. आई स्वयंपाकघरात असायची आणि भाताचा वास यायचा. ती चाल कुणी कधी गायलेली तिनं ऐकली नव्हती. ती बाबांची होती; दुसऱ्या कुणाची असेल, असं तिच्या डोक्यातही कधी आलं नाही.

मग जग बंद झालं. इथं शाळा बंद, पियानोच्या शिकवण्या बंद, कालव्याकाठी माणसं एकमेकांना टाळून चालायला लागली, आणि तिकडं सांगलीत बाबा फ्लॅटमध्ये एकटे. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. शेजारच्या दत्ताकाकांनी बाबांना व्हिडिओवर बोलायला शिकवलं. ते डब्यांच्या चळतीला मोबाइल टेकवून ठेवत आणि बाबा पेटी वाजवत. मोबाइल नेहमी वाकडा, त्यामुळं पडद्यावर फक्त पेटी आणि बाबांचे हात. इकडं आसावरी ते रेकॉर्ड करून ठेवायची आणि कागदावर उतरवून पियानोत बसवायची. भात्याचा श्वास पियानोत कसा आणायचा यावर दोघं तासभर वाद घालत. शिवांगी, तिची चौदा वर्षांची मुलगी, जाता-जाता कॅमेऱ्यात डोकावून "हाय आजोबा, साउंड्स नाइस" म्हणून जायची. त्या वर्षात आसावरी आणि बाबा जितकं बोलले, तितकं त्याआधीच्या वीस वर्षांत बोलले नव्हते. एवढं सगळं मरण चोहीकडं चाललेलं असताना आपण सुखात आहोत, याची तिला तेव्हा लाजही वाटायची.

नावांचा विषय त्यातूनच निघाला. पियानोवाल्यांची ही जुनी रीत तिनं त्यांना मोठ्या उत्साहानं समजावून सांगितली. एकाची ऑर्गनची नाही तर व्हायोलिनची रचना दुसऱ्यानं पियानोसाठी मांडली, की आधी मूळ धन्याचं नाव, मग रेघ, मग मांडणाऱ्याचं. कुणी बुजरा असला तर नुसतं कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपलं नाव घालायचा, मांडणी अमुक. कुणी शेरास सव्वाशेर असला तर मूळ चार सुरांवर आपलाच डोलारा उभा करायचा आणि त्याला अमक्याच्या ऑपेराच्या आठवणी म्हणायचा. मूळ माणूस राहायचा नुसता आठवणीपुरता. बाबांना हे फार आवडलं. "आपल्या नाटकांच्या पुस्तकात बघ," ते म्हणाले, "पदाच्या डोक्यावर छापतात, चाल अमकी. तिथं माणसाचं नाव नसतंच, दुसऱ्या गाण्याचं असतं. ते गाणं कुठनं आलं, तर त्याच्याही डोक्यावर आणखी एक चाल."

"पण बाबा, माणसाचं नाव नको का कुठंतरी?"

"आम्ही कानाला हात लावतो की. झालं."

ते खरंच होतं. गुरूचं नाव निघालं की बाबांचा उजवा हात आपोआप कानाच्या पाळीकडं जायचा. आई त्यावरून त्यांना छळायची, कारण ज्या माणसानं लहानपणी त्यांना सायकल शिकवली त्याचं नाव घेतानाही ते कान धरत. आमराईजवळच्या रस्त्यावर एकदा सायकलवरून जाताना त्याची आठवण निघाली आणि हात सुटून ते पडले, ही गोष्ट घरात पन्नासदा तरी सांगितली गेली होती.

भांडण झालं ते पुस्तकाचं ठरल्यावर. मार्चचे शेवटचे दिवस असावेत. ती म्हणाली, "बाबा, तुमचं नाव आधी घालते आहे. ओगले-टिपणीस." ते म्हणाले, "माझं नको घालू गं."

"का नको? तुमच्याच चाली आहेत."

"मधली माझी नाही."

"मग कुणाची?"

"सांगितलंय की मी तुला."

"कधी सांगितलं? मला नाही सांगितलं."

"सांगितलंय. वाजवलं तेव्हाच सांगितलं."

बाबांचं वय झालं, असं तिच्या मनात आलं, आणि त्याहून जास्त, की हा त्यांचा जुना विनय पुन्हा उफाळला. ती चिडली. जन्मभर दुसऱ्याच्या मागून वाजवलंत, आता एकदा तरी पुढं या, असं ती म्हणाली. मोठ्यानं म्हणाली. पडद्यावर त्यांचे हात पेटीवर पालथे पडलेले दिसत होते, तोंड दिसत नव्हतं. "बरं बाई," ते म्हणाले, "लिही तुला हवं ते. भूक लागलीय मला." त्यानंतर दोनदा बोलणं झालं, ते औषधांचं, लशीचं, आणि शेवटी दत्ताकाकांनी धरलेल्या फोनवर नुसतं "काळजी करू नको" एवढंच. तिकडं बेड मिळेना, मिळाला तर ऑक्सिजन मिळेना. इकडं भारतातून येणारी विमानं बंद झाली. परत येता येणार नाही, शिवांगीचं काय, अंबरीशनं असं म्हटलं आणि ते चूक नव्हतं, आणि त्याबद्दल तिनं त्याला अजून माफ केलं नव्हतं. दत्ताकाकांनी लांबून अग्नी दिला. तिनं तो पाहिला नाही. फोनवर बघतेस का म्हणून त्यांनी विचारलं होतं, ती नको म्हणाली.

त्यानंतरही तिनं काम पुरं केलं, पण रेकॉर्डिंग फक्त ऐकून. लॅपटॉपचा पडदा खाली करायची, कानाला हेडफोन लावायची आणि लिहायची. आवाज सोसत होता, हात बघवत नव्हते. म्हणून मारेइकेची दुसरी शंका तिनं दुकानात नीट वाचली नव्हती. ती आता कोट अंगात तसाच ठेवून तिनं वाचली. दुसऱ्या रचनेत एका जागी उजव्या हाताला विश्रांती लिहिली आहे, ती तालाच्या कुठल्याच मापात बसत नाही, डावा हात नुसता एक सूर धरून आहे; ही लिहिण्यातली चूक आहे का? काढून टाकू का?

लहानपणी आतल्या खोलीत ऐकलेली जागा ती हीच. चाल थांबते. तिथं थांबायचंच असतं, एवढं तिच्या अंगात मुरलेलं होतं, म्हणून तिनं ती विश्रांती लिहिली होती. पण किती थांबायचं हे तिनं रेकॉर्डिंगवरून मोजलं होतं. खरं तर त्या रेकॉर्डिंगवर तिथं नुसती शांतता नव्हतीच. तिचा स्वतःचा आवाज होता, नेटवर रागावलेला. इतके महिने तिनं तो आपलाच म्हणून कानामागं टाकला होता. काढून टाकू का, या प्रश्नानं मात्र ती उठली. तिनं लॅपटॉप आणला, पडदा सरळ केला आणि ते रेकॉर्डिंग लावलं.

बाबांचे हात. डाव्या हाताच्या करंगळीचं वाकडं नख, भात्यावर. उजव्या हातावरचे डाग, ते एवढे वाढले होते हे तिनं तेव्हा पाहिलंच नव्हतं. तेव्हा ती खाली मान घालून कागदावर लिहीत होती. चाल निघाली, त्या जागेशी आली. उजवा हात पट्ट्यांवरून उठला आणि वर गेला, चौकटीच्या बाहेर. डावा हात भाता मारत राहिला, षड्जाची खुंटी ओढलेली, सूर चालू. आणि नेमका त्या क्षणी तिचा आवाज: "हॅलो? हॅलो, बाबा? अडकलं का? ऐकू येतंय का तुम्हाला? हॅलो?" उजवा हात खाली आला. चाल पुढं गेली.

तिनं पुन्हा लावलं. हात वर जातो, बाहेर जातो, आणि हॅलो. हात कुठं जात होता हे तिला कुणी सांगायला नको होतं. तो कानाकडं जात होता. वर्षानुवर्षं, क्लास सुटल्यावर, कुणी बघत नसताना, बाबा एकटे बसून मधल्या चालीत थांबत होते आणि कान धरून कुणाचं तरी नाव घेत होते. आणि मोबाइलसमोर बसून, मुलीला उतरवून घ्यायचंय म्हणून, त्यांनी ते तिला ऐकू जाईल असं घेतलं असणार. वाजवलं तेव्हाच सांगितलं. या असल्या व्हिडिओवरच्या बोलण्यात एकजण बोलायला लागला, की यंत्र दुसऱ्याचा आवाज दाबून टाकतं. पुढं ऑनलाइन सुरू झालेल्या शिकवण्यांमध्ये मुलं आणि ती एकदम बोलली की हे रोज व्हायचं. तिच्या हॅलोखाली ते नाव दाबलं गेलं होतं. तिनं आवाज पूर्ण वाढवला. हेडफोन कानात रुतेपर्यंत दाबले. एका हॅलोच्या आणि दुसऱ्या हॅलोच्या मधे काहीतरी आहे, 'आ' आहे, नाही तर भात्याची फट आहे. ती रडायला लागली. तोंडाला हात लावून रडत होती, वर मीटिंग चालू होती म्हणून.

अंबरीश खाली आला तेव्हा कोथिंबीर ओट्यावर मान टाकून पडली होती. त्यानं काही न विचारता ती पाण्यात घातली. मग सगळं ऐकून घेतलं. तो भला माणूस होता. कुठल्याही अडचणीत कुणाला फोन करायचा हे त्याला आधी सुचायचं. "दत्ताकाकांना विचार," तो म्हणाला.

तिकडं संध्याकाळ झालेली होती. मागं कुकरची शिट्टी ऐकू आली. "अगं, त्यांचं काय सांगू," दत्ताकाका म्हणाले, "ते कशालाही कान धरायचे. ती चाल मला माहीत आहे. लीलावतीवहिनीपण गुणगुणायच्या की ती. भांडी घासताना."

"म्हणजे ती आईची होती?"

"आता ते कसं सांगू? त्यांनी ह्यांचं ऐकून धरली, का ह्यांनी त्यांचं ऐकून. आमच्यापर्यंत भिंतीतनं दोन्ही यायचं." मग ते म्हणाले, "आसावरी, पोरी, जेवतेस ना वेळेवर?"

तिनं हो म्हटलं. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि आई काय गुणगुणायची ते आठवायला लागली. आईचा आवाज आठवला, शब्द नाही, चालही नाही. भाताचा वास तेवढा आला. कदाचित आई. कदाचित आईनं माहेराहून आणलेली, तिच्या आईची. कदाचित तो सायकलवाला. विचारायला आता जगात कुणी उरलेलं नव्हतं, आणि एक माणूस सांगत होता तेव्हा ती हॅलो हॅलो करत होती.

शिवांगी शाळेतून आली, जॅकेट काढता-काढता तिनं पडद्यावरचं पान वाचलं. "ओगले-टिपणीस. इट साउंड्स लाइक वन पर्सन, आई."

"हं."

"सो आजोबांनी कंपोज केलं ना?"

आसावरीला तिच्या तोंडचं ते 'आजोबांनी' फार गोड लागलं. ओगले-टिपणीस असं छापलं तर बाबा मूळ धनी ठरणार, आणि ते तर कानांना हात लावून नाही म्हणत होते. कानांवर हात ठेवून नव्हे, पाळीला हात लावून, त्यात मोठा फरक आहे, आणि तो मारेइकेला कुठल्या भाषेत सांगायचा. पारंपरिक लिहावं, तर नाव घेणाऱ्या माणसाच्या तोंडात बोळा कोंबल्यासारखं. नुसती मांडणी टिपणीस लिहावं, तर बाबा पुन्हा गेले, तळाशी, तबल्याच्याही खाली. ती कीबोर्डवर लिहीत गेली आणि पुसत गेली. बाहेर अंधारलं, दुकानांची दारं पाचच्या ठोक्याला ओढली जायला लागली. मग बस गेली, आणि बसच्या कपाळावर पळणारी पिवळी अक्षरं खिडकीतून दिसली.

बाबा एकदाच इथं आले होते, आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात. बसवर, गाडीच्या फलाटावर, सगळीकडं त्यांना एक शब्द दिसायचा. नार. गाडी नार युट्रेख्ट, बस नार उइटहॉर्न. "काय गं, तुमच्याकडं सगळ्या गाड्यांवर बाईच?" ते मोठ्यानं म्हणाले होते, आणि तिनं त्यांना गप्प करत सांगितलं होतं, की नार म्हणजे कडे, च्या दिशेनं. दुसऱ्या दिवशी संग्रहालयात एका जुन्या चित्राच्या नकलेखाली तोच शब्द, नार अमुक चित्रकार. "आता ह्याच्याकडं कुठली बस जाते?" "बाबा, इथं त्याचा अर्थ, त्याचं बघून केलेलं. त्याच्या मागून." ते त्या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. "म्हणजे साथ," ते म्हणाले होते. इथली माणसं जीव कासावीस झाला तरी नारच म्हणतात, मला नार वाटतंय. ते तिनं त्यांना सांगितलं नव्हतं, तेव्हा तशी वेळ आली नव्हती.

तिनं मारेइकेला लिहिलं. मधली रेघ काढा. तीन पियानो-रचना, आसावरी टिपणीस, आणि खालच्या ओळीत, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत: नार दामोदर ओगले. दामोदर ओगले माझे यजमान नव्हेत, वडील. दुसऱ्या रचनेतली विश्रांती चूक नाही, ती एवढीच लांब ठेवा. मेल गेली. अंबरीशनं कुकर लावला होता, भाताचा वास यायला लागला होता, शिवांगी वर गेली होती. आसावरीनं तेव्हा कुठं कोट काढला आणि पियानोपाशी बसून मधली चाल सुरू केली. त्या जागेशी आल्यावर डाव्या हातानं सूर धरून ठेवला. उजवा हात पट्ट्यांवरून उचलला, वर नेला, कानाच्या पाळीला लावला, आणि या वेळी ती काही बोलली नाही.